पाणी वरनं येतंय

२०१९ सालची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. मामा प्रयाग चिखलीचे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती जिथं एकमेकींना भेटतात आणि पंचगंगा सुरू होते, ते हे गाव. पाचवी सरस्वती, ती गुप्त. नदीनं इशारा पातळी केव्हाच मागं टाकली होती आणि मामांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"पाऊस काय म्हंतोय तुझा?" त्यांनी विचारलं. भूगोल शिकवणाऱ्या भाचीकडं मोबाइलवर नकाशे असतात, हे त्यांना ठाऊक होतं.

मी नकाशा उघडला. निळा ठिपका कोल्हापूर शहरावर, म्हणजे माझ्या घरावर होता. त्याच्याभोवती फिकट हिरवा रंग. डावीकडं, घाटाच्या कडेनं उभी गडद पट्टी दिसत होती, पण ती नजरेच्या कोपऱ्यात राहिली. मी म्हणाले, "उद्या उघडीप दिसतीय मामा. आपल्याकडं फारसं काही नाही."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्याकडं नसंल. पाणी वरनं येतंय पोरी, आभाळातनं न्हवं."

त्या रात्रीच त्यांनी म्हशी उंचावरच्या सोनतळीला हलवल्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चिखली-आंबेवाडीत बोटी फिरल्या, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी असलेली नदी ५५ फुटांच्या वर गेली. म्हशी वाचल्या. माझं ऐकलं असतं तर वाचल्या नसत्या.

नकाशा खरं तेच सांगत होता. तो मला नीट वाचता आला नाही, आणि तेव्हा मला मुलांना नकाशा शिकवायला लागून चौदा वर्षं झाली होती. हा सल मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर हवामानाचा नकाशा माणसाला कळतो म्हणजे नेमकं काय होतं, याच्या मागं मी लागले.

सुरुवात मामांच्या त्या 'वर'पासून करायला हवी. भिंतीवरच्या नकाशात वर म्हणजे उत्तर. नदीकाठच्या माणसाचा 'वर' वेगळा. तो पाण्याच्या उगमाकडं असतो, म्हणजे आमच्याकडं पश्चिमेला. राधानगरी वर, गगनबावडा वर, शिरोळ खाली. गगनबावड्यापासून पुढं घाट उतरला की कोकण पुन्हा 'खाली', म्हणजे एकाच पश्चिमेला आधी वर आणि मग खाली असा हिशेब आमच्या बोलण्यात बिनबोभाट चालतो. मामांच्या डोक्यातला नकाशा हा असा, पश्चिमेकडून उचललेला. कागदावरचा नकाशा त्यांच्या हातात द्यायचा तर तो आधी पाव वळसा फिरवावा लागेल, म्हणजे पश्चिम वर जाईल.

आणि हा पाव वळसाच मुलांना अवघड जातो. महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर लावून मी दरवर्षी विचारते, आपल्याकडं पूर का येतो? दरवर्षी कुणीतरी सांगतं, "बाई, कोल्हापूर नकाशात तळाला आहे ना, म्हणून सगळं पाणी इथं येतं." सांगणारं मूल हुशार असतं. कागद उभा टांगलेला, वरचं पाणी खाली येणार, ही त्याची समजूत पूर्ण सुसंगत आहे. फक्त त्याच्या मनात नकाशा अजून भिंतीवरून उतरून जमिनीवर आडवा पडलेला नाही. तो आडवा पाडणं, त्याला उंचसखलपणा देणं, आपण त्यात कुठं उभे आहोत ते धरून तो मनातल्या मनात फिरवणं, या सगळ्याला मानसशास्त्रात अवकाशीय क्षमता म्हणतात. मी वर्गात 'जागेची जाण' म्हणते.

पण माझ्याकडं ही जाण होती. डोळे मिटून मी जिल्ह्याचा उंचसखलपणा कागदावर काढू शकते. मग त्या संध्याकाळी काय कमी पडलं?

ऑस्ट्रेलियातले रिचर्ड लो यांचं काम वाचताना याचं उत्तर हळूहळू दिसत गेलं. त्यांनी हवामानशास्त्रज्ञ आणि या विषयातले नसलेले लोक यांच्यासमोर तेच हवामान नकाशे ठेवले आणि त्यावरच्या खुणांची गटवारी करायला सांगितली. नवख्यांनी एकमेकींसारख्या दिसणाऱ्या किंवा शेजारी असलेल्या खुणा एकत्र ठेवल्या. जाणकारांनी हवामानाच्या दृष्टीनं एकमेकींशी नातं असलेल्या खुणा एकत्र धरल्या, मग त्या कागदावर कितीही लांब असोत. दुसऱ्या एका कामात, नकाशाच्या चौकटीबाहेर काय असेल ते काढा, असं सांगितलं. नवख्यांनी चौकटीला भिडलेल्या रेषा तशाच पुढं ओढल्या. जाणकारांनी मात्र बाहेर आणखी काय घडत असायला हवं, याचा विचार करून रेषा काढल्या.

हे वाचलं आणि मला माझा निळा ठिपका आठवला. मी ठिपक्याच्या शेजारचं तेवढं पाहिलं होतं. त्या आठवड्यात बंगालच्या उपसागराच्या वायव्य भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार होत होतं, ओडिशाच्या किनाऱ्याजवळ. कोल्हापूरपासून हजार किलोमीटरपेक्षा लांब. नकाशावर त्याचा आणि आमचा संबंध दिसत नाही, कुठलीही रेषा त्या दोघांना जोडत नाही. पण तिकडं दाब घसरला की अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात, बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. ओडिशातला 'कमी' आणि गगनबावड्यातला 'फार' या एकाच वाक्यातल्या दोन गोष्टी आहेत. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला नकाशावर ती न काढलेली रेषा दिसते. मला ती ठाऊक होती, परीक्षेत मी तिच्यावर गुणही दिलेत. फक्त त्या संध्याकाळी रंगांनी माझी नजर पकडून ठेवली.

नजर अशी पकडली जाते, हेही लोकांनी मोजून पाहिलंय. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथं मेरी हेगर्टी आणि मॅट कॅनहॅम यांनी विद्यार्थ्यांना दाबाचे नकाशे दाखवून, अमुक जागी वारा कुठल्या दिशेनं वाहत असेल ते ओळखायला सांगितलं आणि त्यांचे डोळे कुठं फिरतात ते नोंदवलं. मग दाब आणि वाऱ्याचं नातं थोडक्यात शिकवलं, आणि पुन्हा तेच. शिकवल्यावर नजर कामाच्या जागी जास्त टिकली, उत्तरं सुधारली. नकाशावर तापमानासारखी जास्तीची माहिती भरली की मात्र कामगिरी घसरली. आणि मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट हेगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासातली: लोकांना तेच भरगच्च, खरेखुरे दिसणारे नकाशे जास्त आवडतात, जरी त्यांच्यावर काम करताना ते कमी पडत असले तरी.

आता आपल्या मोबाइलकडं बघा. 'विंडी'वर वाऱ्याच्या रेघा सतत वाहत असतात, रंग श्वास घेतल्यासारखे बदलतात. ते सुंदर आहे आणि मी ते रोज पाहते. पण हलणारी वस्तू डोळा आधी टिपतो, महत्त्वाची वस्तू नंतर, आणि लो यांना हलत्या नकाशांवर नवख्यांचं नेमकं हेच होताना दिसलं. उपग्रहाच्या चित्रात तर फसवणूक दुप्पट. इन्सॅट या आपल्या उपग्रहाच्या अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रावर रंग चढवलेले असतात, त्यात भडक लाल म्हणजे ढगाचा माथा फार उंच आणि फार थंड. लाल दिसलं की आपण म्हणतो, इथं धो धो. पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा पुष्कळसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. वारा डोंगराला भिडून तिथल्या तिथं चढलेला असतो, ढगाचा माथा फार उंच जात नाही, म्हणून तो चित्रात साधा करडा दिसतो. चित्रात काही खास नसतं आणि खाली पावसाची झड उसंत देत नाही, असे दिवस आमच्याकडं नवीन नाहीत. हे माहीत नसलेल्या माणसानं कितीही तल्लख नजरेनं ते चित्र पाहिलं, तरी तो सुटकेचा श्वास टाकेल.

रडारचंही तेच. किरण जितका लांब जातो तितका जमिनीपासून उंच होत जातो, कारण पृथ्वी खाली वळत जाते, आणि मध्ये डोंगर आला तर त्याच्या सावलीत काहीच दिसत नाही. रडारच्या नकाशावरची रिकामी जागा म्हणजे कोरडी जागा नव्हे.

पावसाच्या आकड्यांत आणखी एक खाच आहे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे आजच्या तारखेला लिहिलेला पाऊस बहुतांशी कालचा असतो. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबर हाय. कालचाच पाऊस आज दारात येतोय की."

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोल्हापूर जिल्ह्याइतका अवघड वर्ग मला दुसरा माहीत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. शहरात साधारण हजार. शिरोळला पाचशे-सहाशे. गगनबावड्याहून सकाळची एसटी धरली तर जेवायच्या आत तुम्ही शिरोळला पोचता, आणि तेवढ्यात पाऊस दहावा हिस्सा होतो. पण शिरोळ बुडतं. बिचारं कमी पावसाचं शिरोळ, तिथंच नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिण दारातून बाहेर पडलं की लोक दक्षिणद्वार सोहळ्याला धावतात. बाहेर पाऊस नसताना, कधी लख्ख ऊन असताना, हा सोहळा झालेला मी पाहिलाय. पाऊस एका ठिकाणी आणि पाणी दुसऱ्या ठिकाणी, या एका गोष्टीभोवती आमचं सगळं पुराचं शहाणपण फिरतं.

पूर्वी हवामान खात्याच्या इशाऱ्यात अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग यायचा. नारिंगी म्हणजे गगनबावड्यालाही नारिंगी आणि शिरोळलाही. आता 'कोल्हापूर घाट' आणि 'कोल्हापूर' असा वेगळा इशारा येतो, ही फार मोलाची सुधारणा आहे. पण शहरातली माणसं आपला रंग बघतात, पिवळा दिसला की गाडी काढतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा, हे कोष्टक पाठ असलं तरी आपला रंग कुठला, याचं उत्तर चुकतं. पंचगंगेकाठी राहणाऱ्याचा रंग घाटाचा रंग. नदीकाठच्या सुतार मळ्यात राहणाऱ्यानं सुतार मळ्यावरचा ढग बघून काय उपयोग?

वर्गात मी हे आता हातानं शिकवते. अर्धा कापलेला बटाटा, कापलेली बाजू खाली, पसरट डब्यात ठेवायचा. बोटाच्या एका पेराएवढं पाणी ओतायचं, पाणी जिथं टेकलं तिथं पेनानं रेघ. आणखी एक पेर पाणी, आणखी एक रेघ. मग पाणी काढून वरून बघायचं. उभ्या चढावर रेघा दाटीनं येतात, सपाटीवर सैल होतात. नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, त्या ह्याच. मुलं बोटानं त्या चाचपतात, आणि कुणाच्या तरी तोंडून "आयला, हे तर पुस्तकातलं!" निघतं. मी रागवत नाही. मग मी म्हणते, आता ही समदाब रेषांची, म्हणजे सारख्या दाबाच्या रेषांची गंमत. तिथं डोंगर नाही, हवेचा दाब आहे, पण दाटी म्हणजे चढ तीव्र आणि वारा जोराचा. बटाटा हातात घेतलेल्या पोराला हे दोन वाक्यांत कळतं. ज्याच्या हातात बटाटा आला नाही, त्याला मी पूर्वी तीन तास शिकवत असे.

वाऱ्याच्या काडीचं असंच. हवामान नकाशावर वारा दाखवायला काडीला पिसं लावलेली असतात, अर्धं पीस म्हणजे ५ नॉट वेग, पूर्ण पीस १०. मुलं तिला बाण समजतात आणि पिसांकडून टोकाकडं न जाता उलटं वाचतात. पिसं ज्या बाजूला, तिकडून वारा येतो. मी एवढंच सांगते की, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. पाहुणा कुठला, तर जिथून आला तिथला.

आणि एकदा पावसाळ्यात मी मुलांना पंचगंगा घाटावर नेते. पाणी पायऱ्यांच्या खाली असतं तेव्हा, सुरक्षित. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा, म्हणते. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंड पूर्वेला, शहराकडं. आता डावा हात पसरा, जरासा पुढं. तिकडं कमी दाब आहे. हा बाईज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा १८५७ चा नियम, उत्तर गोलार्धात डाव्या हाताला कमी दाब. तीस पोरं डावा हात ईशान्येकडं करून उभी राहतात, आणि तो हात खरोखरच ओडिशाच्या दिशेला जातो. त्या क्षणी त्यांचं अंगच नकाशा होतं. एक मुलगी, जिला नकाशाचा इतका धसका की ती पेपरात तो प्रश्न सोडून द्यायची, तशीच हात न खाली करता मला म्हणाली, "बाई, म्हणजे तिकडं कायतरी खेचतंय आणि आपण मधल्या वाटेवर आहोत." आठवड्यानं तिनं वहीत पंचगंगेचं खोरं काढून आणलं, सह्याद्री पानाच्या माथ्यावर, शिरोळ तळाला. दिशेचा बाण डावीकडून उजवीकडं, उत्तर उजव्या हाताला. चूक एकही नव्हती. मी त्यावर लाल पेन चालवलं नाही.

ही जाण जन्मजात असते आणि नसली की नसते, असं मी स्वतः बरीच वर्षं मानत आले. ते खरं नाही. डेव्हिड उट्टल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की सरावानं अवकाशीय कौशल्यं सुधारतात. हे वाचून मला त्या सगळ्या मुली आठवल्या ज्यांना घरात "हिला दिशाच कळत नाही" म्हणून हसलं जातं. त्यांना कुणी बटाटा दिला नव्हता, घाटावर उभं केलं नव्हतं.

मात्र सराव कितीही केला तरी ओडिशाची ती रेषा आपोआप दिसत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते. आणि नुसतं सांगूनही भागत नाही. बारावीच्या काही मुलांना मान्सूनची सगळी प्रक्रिया तोंडपाठ येते आणि नकाशावर गगनबावड्यावर बोट ठेवता येत नाही.

मामांकडं दोन्ही होतं, त्यांच्या पद्धतीनं. पण त्यांच्याही नकाशाला एक कड होती. त्यांचा हिशेब पन्नास पावसाळ्यांचा. पाणी असं चढतं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे भरल्यावर आपसूक उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, मग इतक्या वेळानं भोगावती फुगते, शिवाजी पुलाशी मच्छिंद्री होते, म्हणजे पाणी पुलाच्या कमानींना लागतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या त्या धरणाचे सात दरवाजे त्यांना घरच्या खोल्यांसारखे माहीत. पण २०२१ च्या जुलैत पावसानं तो हिशेब मोडला. २२ जुलैच्या सकाळी घाटमाथ्यावर लाल इशारा होता आणि मामा म्हणत होते, अजून दोन दिवस हायत. यावेळी मी ठिपक्याकडं पाहिलं नाही. ओडिशाकडं पाहिलं, समुद्रावरच्या काड्यांना किती पिसं आहेत ते पाहिलं, घाटावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मामा, दोन दिवस नाहीत. आज हलवा." त्यांनी एकदा "खात्रीनं?" विचारलं आणि फोन ठेवला. नदी त्या वेळी २०१९ च्याही वर गेली.

परवा जूनमध्ये पुन्हा फोन आला. आता ते "पाऊस काय म्हंतोय" असं विचारत नाहीत.

"वरचं काय दिसतंय?"

"गगनबावड्याला काल जोराचा झालाय, राधानगरी अजून निम्मी पण नाही. समुद्रावर वारा वाढतोय, पण तिकडं उपसागरात अजून काही दिसत नाही."

"म्हंजे भोगावती न्हाई, कुंभी येणार आधी."

"हो, कुंभी आधी."

"मग खालच्या रानातला कडबा आजच उचलतो," ते म्हणाले, आणि मागून म्हशीच्या हंबरण्याचा आवाज आला.